मल्लितम्माची सही

कर्नाटकातील म्हैसूर शहराच्या पूर्वेस सुमारे पस्तीस किलोमीटरवर, कावेरीच्या डाव्या तीरावर सोमनाथपूर नावाचे एक लहानसे गाव आहे. उसाची व भाताची शेते, नारळाची झाडे, कौलारू घरे आणि त्यांच्या कडेला एका उंच भिंतीआड दडलेले तेराव्या शतकातील केशवमंदिर एवढाच या गावाचा पसारा. बेलूर आणि हळेबीड या होयसळांच्या दोन राजनगरांकडे जाणारा प्रवाशांचा ओघ इकडे तुलनेने कमी वळतो. २०२३ साली युनेस्कोने होयसळ मंदिरांच्या समूहाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला, तेव्हा बेलूर व हळेबीड येथील मंदिरांबरोबर तिसरे नाव होते ते या खेड्यातील मंदिराचे. मात्र या निबंधाचा विषय त्या मंदिराची कीर्ती हा नाही. त्याच्या बाह्य भिंतीवर, मूर्तींच्या पायाशी कन्नड लिपीत कोरलेली काही नावे हा आहे.

भारतीय मध्ययुगीन कला ही अनामिकांची कला होय, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. शिल्पी आपले कर्तृत्व देवाला अर्पण करी, म्हणून त्याने नाव मागे ठेवले नाही, असे त्याचे स्पष्टीकरणही दिले जाते. हे स्पष्टीकरण ऐकायला गोड आहे. परंतु होयसळ मंदिरांसमोर ते टिकत नाही. तेथे शिल्पींनी सह्या केल्या आहेत, आणि त्या एकदोन नव्हेत, पुष्कळ. बेलूरच्या मंदिरात बळ्ळिगावीचा दासोज आणि त्याचा पुत्र चावण यांची नावे आहेत. चावणाच्या नावाबरोबर जे बिरुद येते त्यात विनयाचा लवलेश नाही: बिरुदे मिरवणारे इतर शिल्पी हे मदन, आणि आपण त्यांना भस्म करणारा शिव, असा त्याचा भावार्थ आहे. असा मनुष्य अहंकार विसरून देवचरणी लीन झाला होता, असे म्हणायला धारिष्ट हवे.

सोमनाथपूरच्या सह्यांचा स्वर निराळा आहे. तेथे बिरुदे फारशी नाहीत. नाव आहे, तेही पुष्कळदा अर्धवट. 'मल्लितम्म' हे पूर्ण नाव. कोठे त्याचे नुसते 'मल्लि' होते, तर कोठे 'म' एवढेच अक्षर उरते. म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख आर. नरसिंहाचार यांनी १९१७ साली या मंदिरावर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली, तीत त्यांनी ही नावे वाचून नोंदविली. बालेय, चौडेय, बामय, मसणितम्म, नंजय असे अनेक जण त्यांत आहेत. पण मल्लितम्माचे नाव सुमारे चाळीस मूर्तींखाली आढळते, आणि त्याच्या जवळपासही दुसरा कोणी येत नाही.

सही कोठे व का होऊ शकली, हे समजण्यासाठी आधी मंदिराची रचना पाहावी लागते.

हे मंदिर सोमनाथ नावाच्या दंडनायकाने बांधविले. होयसळ राजा तिसरा नरसिंह याचा हा सेनाधिकारी. त्याने येथे ब्राह्मणांना जमिनी देऊन अग्रहार वसविला, त्याला स्वतःचे नाव दिले आणि त्याच्या मध्यभागी हे विष्णुमंदिर उभारले. मंदिराचे वर्ष काही अभ्यासक १२५८ धरतात, तर काही १२६८. याच गावात त्याने शंकराचेही एक मंदिर बांधविले होते. पाच लिंगांचे ते पंचलिंग देवालय ग्रॅनाइटचे होते व आज भग्नावस्थेत आहे. एकाच दात्याने एकाच गावी बांधविलेल्या दोन देवालयांपैकी एकाला जग पाहायला येते आणि दुसऱ्याची वाट गावकऱ्याला विचारावी लागते. या फरकाचे एक कारण दगडात आहे, आणि त्याकडे पुढे यायचेच आहे.

पूर्वेच्या द्वारातून आत शिरले की सुमारे २१५ फूट लांब व १७७ फूट रुंद असे प्रांगण लागते. त्याच्या चारी बाजूंनी ओवऱ्यांची रांग आहे. एकूण चौसष्ट लहान देवकोष्ठे तिच्यात मोजता येतात. आज ती बहुतेक रिकामी आहेत. प्रांगणाच्या मध्यभागी सुमारे तीन फूट उंचीच्या जगतीवर मंदिर उभे आहे. पश्चिमेला केशव, उत्तरेला जनार्दन व दक्षिणेला वेणुगोपाल अशी तीन गर्भगृहे एका सामाईक मंडपाला जोडलेली आहेत. वास्तुशास्त्राच्या परिभाषेत हे त्रिकूट होय. तिन्ही गर्भगृहांवर सारख्याच घडणीची, फार उंच नसलेली शिखरे आहेत. हे मंदिर माणसाला मान वर करायला लावत नाही. ते त्याला आपल्याभोवती फिरायला लावते. जगती मंदिरापेक्षा रुंद ठेवली आहे ती याच हेतूने. आत परिक्रमेचा मार्ग नाही; प्रदक्षिणा बाहेरून, उघड्या आकाशाखाली घालायची.

गर्भगृहांचा तलविन्यास तारकाकृती आहे, आणि या मंदिराचे सारे रहस्य त्यातच आहे. कल्पना अशी करावी: जमिनीवर एक चौरस आखला, मग त्याच मध्यबिंदूभोवती तो साडेबावीस अंशांनी फिरवून दुसरा आखला, तसाच तिसरा, तसाच चौथा. चार चौरसांचे सोळा कोपरे बाहेर डोकावू लागतात. सोळा टोकांचा तारा तयार होतो. खुंटी, दोरी आणि मापाची काठी एवढ्या साधनांवर हे काम होते. त्याला गहन गणित लागत नाही. पण त्याचा परिणाम विलक्षण होतो. सरळ भिंत नाहीशी होते. तिच्या जागी एकापुढे एक येणारे, एकाआड एक जाणारे उभे पृष्ठभाग उभे राहतात. सूर्य फिरतो तशी एकेका पृष्ठावरून सावली सरकते. सकाळी जी मूर्ती उजळलेली असते ती दुपारी अंधारात जाते व तिच्या शेजारची पुढे येते. जगतीची कडही मंदिराच्या या घड्यांना अनुसरून मोडत जाते.

भिंतीचे आडवे विभाजन त्याहून शिस्तबद्ध आहे. तळाशी गजथर, त्यावर घोडेस्वारांचा थर, त्यावर वेलबुट्टी, मग पुराणकथांचा थर, त्यावर मकर आणि सर्वांत वर हंस. हत्ती खाली का, याचे उत्तर कोणालाही देता येईल. भार वाहणारा प्राणी भाराखाली असावा. घोडा त्याच्याहून हलका आणि हंस सर्वांहून हलका. दगडाचे ओझे वर जाताना पक्षी होते. चौथा, म्हणजे पुराणकथांचा थर डोळ्यांच्या टप्प्यात येतो. दक्षिणेकडून प्रदक्षिणा सुरू करणाऱ्याला आधी रामायण भेटते, पश्चिमेला भागवतातील कृष्णकथा आणि उत्तरेला महाभारत. चालणे हेच येथे वाचणे आहे. आणि पोथी उलट्या दिशेने वाचू नये, तसे मंदिरही अप्रदक्षिण पाहू नये.

या सहा थरांच्या वर मोठ्या मूर्तींची ओळ आहे. तिच्यात सुमारे १९४ मूर्ती आहेत. तारकाकृतीने भिंतीचे जे उभे तुकडे पडले, त्यांतल्या प्रत्येकावर सामान्यतः एकेक मूर्ती, तिच्या डोक्यावर वृक्षवेलींचे कोरीव छत्र, आणि पायाशी अरुंद पीठ. त्या पीठावर नाव.

माझ्या मते मल्लितम्माची सही शक्य केली ती या तलविन्यासाने. सपाट भिंतीवर जेव्हा अखंड शिल्पपट कोरला जातो, तेव्हा दहा हात एकमेकांत मिसळतात आणि कोणता घोडा कोणाचा हे सांगता येत नाही. सोमनाथपूरच्या खालच्या थरांत तसेच आहे. तेथील हत्ती ही एका मेळ्याची निर्मिती आहे. वरच्या ओळीत मात्र वास्तूने प्रत्येक शिल्पीला त्याचा तुकडा वाटून दिला. शेतकऱ्याला बांध घालून दिलेले शेत मिळावे तसा. एक पृष्ठ, एक मूर्ती, एक हात. ज्याची हद्द ठरली त्याचे नावही लिहिता आले.

आता दगडाविषयी. होयसळ शिल्पींनी वापरलेला दगड शंखजिऱ्याच्या जातीचा, हिरवट राखाडी रंगाचा आहे. कन्नडमध्ये त्याला बळपाचा दगड म्हणतात. बळप म्हणजे पाटीवर लिहायची पेन्सिल. खाणीतून काढल्यावर तो इतका मऊ असतो की छिन्नीला विरोध करीत नाही, आणि हवेत उघडा राहिला की हळूहळू कठीण होत जातो. सोनाराने दागिना घडवावा तशी नक्षी त्यात उतरते: बोटातली अंगठी, पैंजणाची सुटी कडी, फळाआड बसलेले माकड. मंडपातील गोल, चकचकीत खांब चरकावर फिरवून घडविलेले आहेत; त्यांच्यावरची वर्तुळे हातांनी कोरलेली असती तर इतकी निर्दोष उतरली नसती. मंडपाच्या छतात सोळा विताने आहेत, एकसारखे दुसरे नाही, आणि कित्येकांच्या मध्यातून केळफुलासारखा कळा खाली लोंबत आहे. पंचलिंगाच्या ग्रॅनाइटमध्ये यातले काहीच साधले नसते. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाशी ज्यांची ओळख आहे त्यांना हे लगेच पटेल. बेसाल्ट शिल्पीकडून मेहनत घेतो आणि त्याला थोडक्यात बोलायला शिकवितो. बळपाचा दगड सारे काही बोलू देतो. म्हणून येथील शिल्प पुष्कळदा गरजेपेक्षा अधिक बोलते, हेही सांगितले पाहिजे. देवता ठेंगण्या आणि अलंकारांनी इतक्या लगडलेल्या आहेत की अंगाची रेषा हरवते. वेरूळच्या कैलासावरील देहांची ऐट मनात घेऊन येथे येणाऱ्याची पहिल्या क्षणी थोडी निराशा होते. त्याने तासभर थांबावे. या शिल्पाचे सौंदर्य जवळ जाऊन पाहायचे आहे.

मूर्तिकाराला स्वातंत्र्य तरी किती होते? विष्णूच्या चोवीस रूपांचेच उदाहरण घ्या. शंख, चक्र, गदा आणि पद्म ही चार आयुधे चार हातांत चोवीस प्रकारांनी धरता येतात, आणि प्रत्येक प्रकाराला केशव, नारायण, माधव असे वेगळे नाव आहे. एका आयुधाची जागा चुकली तर देवच बदलतो. म्हणजे मूर्तीचा अर्थ शास्त्राने आधीच ठरवून दिलेला. शिल्पीला मोकळे होते ते देवाच्या डोक्यावरचे पानाफुलांचे छत्र, कमरेची वळणे, नृत्य करणाऱ्या गणपतीच्या पोटाचा तोल, परिचारिकेच्या मानेचा कल. मल्लितम्म आणि त्याचे सोबती यांना एकमेकांपासून ओळखायचे तर येथे ओळखावे लागते. नुग्गेहळ्ळी येथील १२४६ सालच्या लक्ष्मीनरसिंह मंदिरात हे काम सोपे झाले आहे. तेथे एका बाजूला मल्लितम्माने मूर्ती घडविल्या आणि दुसऱ्या बाजूला बैचोज नावाच्या शिल्पीने. दोघांचे हात एकाच मंदिराच्या दोन भिंतींवर समोरासमोर पाहता येतात. ज्यांना भारतीय शिल्पात व्यक्ती नाही असे वाटते त्यांनी तेथे एकदा प्रदक्षिणा घालावी.

आणि येथेच एक कोडे उभे राहते. मल्लितम्माचे नाव प्रथम आढळते ते १९९६ नव्हे, ११९६ साली बांधलेल्या अमृतापूरच्या अमृतेश्वर मंदिरात. (आठशे वर्षांचे हे अंतर लिहिताना हात अडखळतो, म्हणून मुद्दाम सांगितले.) त्यानंतर ते हारनहळ्ळीला दिसते, नुग्गेहळ्ळीला दिसते, आणि अखेरीस सोमनाथपूरला. अमृतापूर ते सोमनाथपूर हे अंतर, मंदिराचे वर्ष कोणते धरावे त्यानुसार, बासष्ट किंवा बहात्तर वर्षांचे आहे. अमृतापूरच्या छतावर काम करणारा तरुण वीस वर्षांचा होता असे मानले, तर सोमनाथपूरला तो ब्याऐंशी किंवा ब्याण्णव वर्षांचा असला पाहिजे. अनेक अभ्यासकांनी त्याला एकच व्यक्ती मानून साठ वर्षांहून दीर्घ अशा कारकिर्दीचे कौतुक केले आहे. अशक्य ते नाही. वृद्ध आचार्य जगतीच्या कडेला बसून रेषा आखून देतो, शिष्य छिन्नी चालवितात आणि नाव आचार्याचे पडते, हे चित्र मोहक आहे. पण आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपल्याकडची रीत लक्षात घेतली तर दुसराही तर्क तितकाच समर्थनीय ठरतो: अमृतापूरचा मल्लितम्म आणि सोमनाथपूरचा मल्लितम्म हे एकाच घराण्यातले दोन पुरुष असावेत. नाव, हत्यारे आणि हाताचे वळण तिन्ही एकत्रच वारशाने जात असतील, तर सही ही व्यक्तीची की घराण्याची हा प्रश्न त्या काळच्या माणसाला पडलाच नसेल. माझा कल या दुसऱ्या तर्काकडे आहे. मात्र 'म' या एका अक्षराने माझी अडचण केली आहे. घराण्याची मुद्रा उमटविणारा ती पूर्ण उमटवील. नुसते 'म' लिहून पुढच्या दगडाकडे वळणारा माणूस घाईत असतो, आणि ते अक्षर वाचणारा आपल्याला ओळखतो हे त्याला ठाऊक असते.

मग तो वाचणारा कोण? भक्ताने पीठावरचे अक्षर वाचावे अशी अपेक्षा दिसत नाही. मला वाटते, सह्यांचा एक उपयोग हिशेबाचा असावा. कोणी किती मूर्ती पूर्ण केल्या, त्यानुसार दाम किंवा धान्य द्यायचे, तर खूण हवीच. असे असेल तर बेलूरच्या चावणाचे बिरुद आणि सोमनाथपूरचे 'म' यांच्यात मोठे अंतर आहे: एक कीर्तीसाठी लिहिलेले, दुसरे मजुरीसाठी. गंमत अशी की मजुरीच्या खुणेनेच आपल्याला एका माणसाच्या अधिक जवळ नेले. त्याची चाळीस कामे आपण मोजू शकतो. त्याच्या समकालीन कित्येक राजांच्या लढायाही इतक्या निश्चितपणे मोजता येत नाहीत. १२७६ च्या सुमारास देवगिरीच्या यादवांचा सेनानी साळुव तिक्कम होयसळांच्या द्वारसमुद्रावर चालून गेला, त्या लढाईत विजय कोणाचा झाला हे दोन्ही पक्षांचे लेख आपापल्या परीने सांगतात.

यादवांचा उल्लेख आला तेव्हा आपल्या घरातील एका सवयीचाही विचार करावयास हवा. सोमनाथपूर उभे राहिले त्याच सुमारास देवगिरीस महादेव यादवाच्या दरबारी हेमाद्रि पंडित श्रीकरणाधिप होता. महाराष्ट्रातील जुने दगडी देऊळ दिसले की आपण त्याला हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. अंबरनाथचे शिवालय १०६० सालचे, म्हणजे हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचे; तेही हेमाडपंतीच. 'चतुर्वर्गचिंतामणी' लिहिणाऱ्या या पंडित मंत्र्याने छिन्नी कधी हाती धरली नसणार, परंतु लोकस्मृतीने शेकडो गावच्या पाथरवटांचे श्रम त्याच्या एकट्याच्या खात्यावर जमा केले. कर्नाटकात हीच गोष्ट निराळ्या रीतीने घडली. तेथे सर्व जुनी मंदिरे जकणाचारीची. त्याची कथा प्रसिद्ध आहे: बेलूरच्या एका मूर्तीत दोष आहे असे एका अनोळखी तरुणाने सांगितले, दोष निघाला तर उजवा हात तोडीन, अशी जकणाचारीने प्रतिज्ञा केली, मूर्तीला चंदनाचा लेप दिला, तो सर्वत्र वाळला, फक्त नाभीजवळ ओला राहिला, तेथे छिन्नी घातली तर आतून पाणी, वाळू आणि जिवंत बेडूक निघाला. जकणाचारीने हात तोडला, आणि तो तरुण त्याचाच मुलगा डंकण होता हे नंतर कळले. कथा फार सुंदर आहे. कर्नाटक शासनाचा शिल्पकारांसाठीचा पुरस्कारही जकणाचारीच्या नावाने दिला जातो. परंतु ज्या मंदिरांच्या भिंती दासोज, चावण, बैचोज, मल्लितम्म यांच्या सह्यांनी भरल्या आहेत, त्यांत जकणाचारीची सही नाही.

लोकांना एक नाव हवे असते, हे समजू शकते. पण महाराष्ट्रात ते मंत्र्याचे निघाले आणि कर्नाटकात निदान शिल्पीचे, हा फरक मला आपल्यासाठी थोडा लाजिरवाणा वाटतो. एस. शेट्टर यांच्यासारख्या कन्नड इतिहासकारांनी होयसळ शिल्पींच्या सह्या एकत्र करून त्यांच्या हालचालींचा, गावांचा, घराण्यांचा अभ्यास केला. आपल्या मंदिरांच्या दगडांवर पाथरवटांनी केलेल्या खुणा गावोगाव जाऊन टिपून घेण्याचे काम अजून पुष्कळ बाकी आहे, आणि चुन्याचे व तैलरंगाचे नवे हात देवळांवर चढत असताना त्याला फार वेळ उरलेला नाही.

सोमनाथपूरच्या मुख्य गर्भगृहात मूळ केशवमूर्ती आज नाही. तिच्या जागी दुसरी मूर्ती उभी आहे. ज्या देवासाठी हे सारे उभारले तोच गेला, आणि नित्यपूजा नसल्यामुळे मंदिर एका अर्थी मुके आहे. जनार्दन आणि वेणुगोपाल मात्र आपापल्या जागी आहेत. वेणुगोपालाच्या भोवतीच्या गायी बासरी ऐकण्यासाठी माना उंचावून आल्या आहेत. त्यांचा उत्सुक भाव अंधारातही दिसतो. तेथे तेलाची समई नसते. पहारेकरी विजेरीचा झोत टाकून मूर्ती दाखवितो. मी गेलो तेव्हा त्याने वेणुगोपालाचे मुख दाखविले, गायी दाखविल्या, छतातील केळफूल दाखविले. बाहेर आल्यावर मी त्याला मल्लितम्माविषयी विचारले. तो मला उत्तरेच्या बाजूला घेऊन गेला, एका मूर्तीपाशी गुडघ्यांवर बसला, पीठावरची धूळ तळहाताने पुसली आणि अक्षरांवरून बोट फिरवीत, शाळेतल्या मुलासारखे एकेक अक्षर सुटे करून नाव वाचून दाखविले.